सात नंबरची बाटली

मंगळवार म्हणजे प्रयोगशाळेतल्या ताईंचा बाटल्यांचा दिवस. अणुवीज केंद्राभोवती अकरा विहिरी खणलेल्या होत्या. जमिनीखालून काही झिरपतंय का, ते त्यांच्या पाण्यावरून कळायचं. तीस वर्षं ते पाणी मामांनी आणलं. मामा सगळ्या केंद्राचेच, पण ताईंना त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. बाटली तीनदा विसळायची, मग भरायची, गळ्याला दोऱ्याची दुहेरी गाठ मारायची. गाठ सैल दिसली की मामांचा पारा चढलाच म्हणून समजा.

मामा वारले, आणि महिन्याभरात साहेबांनी सात नंबरची विहीर काँक्रीट ओतून बुजवली. म्हणे, इतक्या वर्षांत काही निघालं नाही, उगाच कशाला डोक्याला ताप!

त्या मंगळवारी ताईंनी स्वतः आणलेल्या दहा बाटल्या टेबलावर मांडल्या, दाराला कडी लावली आणि खिडकीशी बसून डबा खाल्ला. बाहेर लख्ख ऊन. आत मोजणीयंत्राची घरघर, आणि कुठूनसा ओल्या गंजाचा वास... त्या वळल्या. बाटल्या अकरा होत्या. शेवटच्या बाटलीवरून पाणी ओघळत होतं. गळ्याला दुहेरी गाठ. चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात सात.

ताईंनी दाराकडे पाहिलं. कडी तशीच होती. पळावंसं वाटलं, पण मामांनी आणलेलं पाणी तपासल्याशिवाय टाकायचं कसं? त्यांनी ते यंत्रात घातलं. किरणोत्सार मर्यादेच्या चौपट निघाला. आणि पाणी बघावं तर काचेसारखं नितळ!

शुक्रवारी उताराखालच्या वसाहतीचे नवे नळ सुरू व्हायचे होते. त्यांची कूपनलिका सात नंबरच्या अगदी खालच्या अंगाला होती. ताईंची भाची तिथेच राहायची. तिला सातवा महिना होता.

"बुजवलेल्या विहिरीचं पाणी?" साहेब हसले. "ताई, जरा रजा घ्या."

"घेते की. आधी विहीर फोडा. स्वच्छ निघाली तर राजीनामाही देते."

ताईंनी साहेबांच्या दारातच खुर्ची टाकली. बुधवारी शेजारी पहारेकरी येऊन उभा राहिला, मग सफाईवाल्या, मग पाळीवरचे सगळेच कामगार. गुरुवारी दुपारी साहेबांनी नाइलाजाने काँक्रीट फोडायला लावलं.

त्या काँक्रीटच्या खालच्या अंगाला बाटलीला बांधायच्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. पाणी काढून तपासलं, तर आकडा तोच, शेवटच्या अंकापर्यंत. संध्याकाळपर्यंत जमिनीतला तडकलेला पाइप सापडला. नळ सुरू झालेच नाहीत. वसाहतीला दुसरीकडून पाणी मिळालं. भाचीने मावशीला जी मिठी मारली ती सोडेचना, आणि साहेबांनी मान खाली घालून अहवालावर सही केली. ताई आनंदाने रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. जिंकल्या होत्या त्या!

पुढच्या मंगळवारी अकरा विहिरींच्या अकरा बाटल्या मांडून त्या गुणगुणत डबा खायला बसल्या. वळल्या तर बारा. दुहेरी गाठ. चिठ्ठीवर बारा नंबर.

बारावी विहीर नव्हतीच.

ताईंनी बाह्या सरसावल्या. "मामा... खणायचं कुठे, तेवढं सांगा."

पायांखालच्या फरशीखाली कुणीतरी बाटली विसळली. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा.