भिंतीकडची बाजू

शनिवारी सकाळी बेडरूमच्या भिंतीवर काळ्या बुरशीचे त्रेपन्न ठिपके होते. एकोणपन्नास प्रबुद्धच्या उशीजवळ, तीन स्विचबोर्डाखाली आणि एक कोपऱ्यात, कपाटामागे. नीलमला त्यात वावगं काही वाटलं नाही. मुलुंडच्या लॅबमध्ये मसाल्यांतली बुरशी मोजणं हेच तिचं रोजचं काम, आणि चार दिवस पावसाने नाहूरला नुसतं झोडपून काढलं होतं. चादरी दमट, पापड मऊ, चपलांवर पांढरी लव. सगळ्या बिल्डिंगची तीच रड.

तिने भिंतीवर व्हिनेगर फिरवलं, कोरडं फडकं मारलं, दिवसभर टेबलफॅन लावून ठेवला.

सोमवारी स्विचबोर्डाखालचे आणि कोपऱ्यातला, सगळे गेलेले. उशीजवळ मात्र एकसष्ट.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. जूनपर्यंत प्रबुद्ध तिच्याकडे तोंड करून झोपायचा, तिचा हात मुठीत धरून. आता भिंतीला नाक लावून झोपायचा.

"खाट सरकवू या ना," ती म्हणाली. "छातीत जाईल तुझ्या हे सगळं."

"राहू दे ना यार. तिथे बरं वाटतं."

"आणि इकडे, माझ्या बाजूला?"

"तू पण ना! आता भिंतीवर जळणार काय?" तो हसला. ती हसली नाही, कारण त्याने बरोबर ओळखलं होतं.

वॉटरप्रूफिंगवाला खंडू येऊन भिंत ठोकून गेला, आतून आणि जिन्यातूनही. "ताई, पलीकडे जिना. पाइप नाय, टाकी नाय, भेग नाय. ठणठणीत कोरडी हाय. हा ओलावा घरातलाच. दोघं झोपता ना? श्वासाचा असतो."

याची परीक्षा नीलमला ठाऊक होती. वीतभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवायचं. पाणी वरून साचलं तर खोलीतल्या हवेचं, आतून साचलं तर भिंतीचं. तिने ते नेमकं उशीच्या उंचीवर लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन पाहिलं. वरून कोरडं. आतून थेंब नव्हते, वाफ होती. ती धरायची आणि विरायची. धरायची आणि विरायची. नीलमने घड्याळ समोर धरलं. मिनिटाला चौदा वेळा.

प्रबुद्ध चहाचे कप घेऊन आला. प्लास्टिक दिसताच त्याने कप खाली ठेवले आणि नखाने एकेक कड अलगद सोडवली. मागे तिचा हात भाजला होता, तेव्हा पट्टी काढतानासुद्धा त्याने इतकं जपलं नव्हतं.

"असं केलं की गुदमरायला होतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"चहा घे, निवतोय."

रविवारी तो बोंबील आणायला बाहेर पडला, तशी तिने एकटीने खाट ओढत खिडकीखाली नेली. मग भिंतीला ब्लीच लावून ती रगडत राहिली, नखांत चुना भरेपर्यंत.

प्रबुद्ध आला. खाटेकडे पाहिलं. जेवला. दुपारी आडवा झाला, तो तिच्याकडे तोंड करून.

जिंकले, असं वाटलं तिला.

तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

"हात काढ गं," डोळे न उघडता तो म्हणाला. "पोळतोय."

तिने हात मागे घेतला. ड्रॉवरमधून कोरोनाच्या वेळची थर्मामीटरची बंदूक काढली. आधी कपाटाच्या दारावर धरली: २७.४. मग स्वतःच्या कपाळावर: ३६.५. यंत्र ठीक होतं.

भिंत, उशी असायची त्या उंचीवर: ३६.८.

प्रबुद्ध: २७.४.