गोटूची आखणी

जगात डोळे देणारे दोघंच: एक ब्रह्मदेव आणि दुसरा पेणचा कमळाकर. हे मत अर्थात कमळाकरचंच. चष्मा घरी राहिला की हाच माणूस वडखळ नाक्यावर रोह्याऐवजी अलिबागच्या एस.टी.त चढून बसायचा. पण गणपतीचे डोळे आखताना त्याचा हात हलत नसे, हे मूर्तींच्या कारखान्यात सगळेच मानत.

चौऱ्याण्णवच्या आषाढात बायको बाळंतपणाला रोह्याला माहेरी गेली. चार वर्षांची ऋतुजा मात्र ‘मी बाबांजवळच राहणार’ म्हणून हटून बसली. ही गोष्ट कमळाकरने चहाच्या टपरीपासून केशकर्तनालयापर्यंत सगळ्यांना सांगितली.

पहिले आठ दिवस ती कारखान्यात त्याच्या मांडीला लागून बसली, त्याच्या बशीतला चहा प्यायली. नवव्या दिवशी ती पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेल्या मूर्तींच्या फळीखाली जाऊन बसली आणि हसू लागली.

“कोणाशी बोलतेस गो?”

“गोटूशी.”

कमळाकरही हसला. चार दिवसांनी हसेनासा झाला. बशीतला चहा आता गोटूला जाई. दुपारची गोष्ट बाबांची नको, गोटूची हवी. त्याला कसल्या गोष्टी येत होत्या कोण जाणे, पण पोर पोट धरधरून हसायची. बापाच्या गोष्टीला ती इतकी कधी हसली नव्हती.

फळीखालची बशी रोज रिकामी मिळे. मांजर असणार, असं कमळाकरने ठरवलं. कारखान्यात मांजर नव्हतं.

“काय कमळूशेठ, सवत आली वाटतं,” रंग भरणारा काळुराम म्हणाला.

“लहान पोर हाय. होतं असं.”

“पोरीचं नाय विचारत. सकाळपासून तीन डोळे आखून पुसलेस तू.”

शुक्रवारी दुपारी ऋतुजा आपणहून जवळ आली. कमळाकरचं काळीज सुपाएवढं झालं.

“बाबा, गोटूला डोळे नायत. काढून द्या ना.”

“मग तुला ओळखतो कसा?”

“हात लावून.”

हे त्याला आवडलं नाही.

मूर्तीने कुठे बघायचं, हे आखणाऱ्याच्या हातात असतं. बुबुळ केसभर सरकलं की देव भक्ताला सोडून खिडकीबाहेर बघतो. वीस वर्षांत कमळाकरने ही चूक केली नव्हती. आज त्याने ती मुद्दाम करायची ठरवली.

“बसव त्याला समोर.”

ब्रश काळ्या रंगात बुडवून त्याने हवेत भुवयांच्या दोन कमानी ओढल्या. मग बुबुळं. गोटूची नजर लेकीवरून काढली आणि सरळ स्वतःवर वळवली. बसू दे लेकाला माझं थोबाड बघत.

दुसऱ्या बुबुळाला ब्रश किंचित अडला. कोऱ्या शाडूवर अडतो तसा.

त्याने हात खाली घेतला. ब्रशचं टोक कोरडं होतं. जमिनीवर एक थेंब नव्हता.

“तो माझ्याकडे बघतच नाय,” ऋतुजा म्हणाली.

“मग तू ये माझ्याकडे.”

ती आली. मांडीला लागून बसली, बशीतला चहा प्यायली. कमळाकर जिंकला होता. फक्त मान वर करून समोर बघायचं त्याला जमेना.

दुसऱ्या दिवशी त्याने आपला पाट खिडकीकडे हलवला. तिसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यात.

“तिथं उजेड नाय रे,” काळुराम म्हणाला.

“चालतंय.”

काळुराम जेवायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं, “ऋतू, अजून बघतोय?”

“तुमच्याकडेच.”

“कुठून?”

तिने बोट दाखवलं. बोट त्याच्या नाकापाशी येऊन थांबलं.

आता ती दिवसभर त्याला सोडत नसे. घरीसुद्धा समोर बसून टक लावून बघायची. चौथ्या दिवशी कमळाकरच्या लक्षात आलं, ती बघते ती त्याच्या तोंडाकडे नाही. तोंडाच्या चार बोटं अलीकडे.

त्याला पुन्हा तीच जळजळ झाली. भीती नंतर वाटली.

“ऋतू,” तो म्हणाला, “माझ्याकडे बघ ना.”

तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला. त्याचे डोळे लाल झालेत.”

“का?”

“तुम्ही पापण्या काढल्याच नाय. चार दिवस झोपला नाय तो.” मग तिने ब्रश उचलून बापाच्या हातात दिला. “तेवढ्या काढा ना, बाबा.”