रिकामी फेरी

त्या रविवारी दुपारी मी घरून निघालो तो बॉयलर तपासून घ्यायला. काम अगदी साधं. इंजिन गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या रजईत गुंडाळून ठेवलं होतं, शेजारी कोळशाची लहान पिशवी आणि पाण्याचा कॅन. बायको दारापर्यंत आली नाही. त्या दिवसांत ती कुठल्याच दारापर्यंत येत नसे.

मी दातांचा डॉक्टर. वाफेची छोटी इंजिनं बनवणं हा माझा छंद. छोटी म्हणजे कपाटात ठेवायची खेळणी नव्हेत. तांब्याचा बॉयलर असलेली, कोळशावर चालणारी, मागे माणसं बसवून ओढणारी इंजिनं, फक्त उंचीने गुडघ्याएवढी. बायको पूर्वी म्हणायची, "दिवसभर लोकांच्या तोंडात हात, संध्याकाळी इंजिनाच्या. तुमचे हात कधी मोकळे असतात का हो?" खोटं नव्हतं. दवाखान्यातली बोथट झालेली बारीक ड्रिलं मी घरी धातू कातायच्या लेथपाशी आणायचो. वाफेच्या वाटा साफ करायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

हे इंजिन मी मुलीसाठी करायला घेतलं होतं. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण जन्मली तेव्हा तिला उचललं तरी हातात काही आहे असं वाटायचं नाही. पुढे बोलायला लागली तशी घर डोक्यावर घ्यायची, पण वजनाला मुंगीच राहिली. लेथशेजारी स्टुलावर बसून विचारायची, "बाबा, झालं?" मी म्हणायचो, "अगं बाई, चाकं तरी लागू देत." चाकं लागली, सिलिंडर बसले, बॉयलरला चांदीचा डाग देऊन झाला, आणि थंडीच्या तोंडावर तिला ताप आला. इस्पितळात तिने मला एवढंच विचारलं, "पहिली मी ना?" म्हणजे इंजिनामागे पहिल्यांदा बसणार ती मीच ना. मी हो म्हणालो. ती घरी परत आली नाही.

त्यानंतर मला रडू आलं नाही. लोकांना ते विचित्र वाटलं असणार. दात काढण्याआधी मी पेशंटला बधिर करणारी सुई देतो, तेव्हा तो म्हणतो, ओढताय ते कळतंय डॉक्टर, पण दुखत नाही. माझं तसंच झालं होतं. सकाळी दवाखान्यात जायचो, संध्याकाळी लेथपाशी उभा राहायचो, आणि हात आपोआप काम करत होते. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायची. इंजिनामागे जोडायच्या ट्रॉलीची गादी तिने आधीच शिवून ठेवली होती, दवाखान्यातल्या खुर्चीचं उरलेलं हिरवं रेक्झिन वापरून. इंजिन पुरं झालं त्या दिवशी तिने ती गादी कपाटातून काढून माझ्या हातात दिली.

आमच्या हौशी मंडळींचा रूळ शहराबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर आहे. एक मोठं वेटोळं, एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेड. बॉयलर तपासायचा मान एकाच माणसाचा. गिरणीत जन्मभर तेच काम करून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ. बोलताना टाचांवर सारखे वर-खाली होतात, म्हणून मागे सगळे त्यांना दट्ट्या म्हणतात, तोंडावर काका. काकांनी बॉयलर पाण्याने भरला, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब चढवला आणि सांध्यांना कुठे घाम फुटतो का ते चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. कुठेच फुटला नाही.

"डॉक्टर, कवळी झकास बसवलीत," ते म्हणाले आणि टाचांवर एकदा वर झाले. मग त्यांना आठवलं, इंजिन कुणासाठी होतं ते. हळू आवाजात म्हणाले, "पहिली फेरी रिकामी न्या हं. मी शेडमध्ये आहे."

आमच्याकडे तो नियमच आहे. नव्या इंजिनाची पहिली फेरी रिकामी ट्रॉली जोडून करायची. काही बिघडलं तर चालवणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो, दुसऱ्याला इजा नको. आणखीही दोन नियम आहेत. चालवणारा पुढे बसतो, माणसं त्याच्या पाठीमागे ट्रॉलीवर. सुटताना आणि वाटेतही त्याची नजर बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर आणि रुळावर हवी, म्हणून तो मागे वळत नाही. नुसतं विचारतो, "बसलात का?" त्याच्या लगेच मागे जो असेल त्याने त्याच्या पाठीवर एक थाप मारायची. थाप आली की वाफ सोडायची. आणि फेरी संपल्यावर चालवणारा "उतरा" म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, कारण घाईत उतरताना बोटं चाकाखाली जातात. मुंगीला हे सगळं तोंडपाठ होतं. घरी खुर्च्या एकामागे एक मांडून ती माझ्या पाठीवर थापा मारायची, आणि मी "उतर" म्हणेपर्यंत जेवायलासुद्धा उठायची नाही.

विस्तव पेटवला. दाबाच्या गेजचा काटा हलला, मग निवांत चढत गेला. बाकीची मंडळी निघून गेली होती. आभाळ भरून आल्यामुळे वेळेआधीच अंधारल्यासारखं झालं होतं, आणि कोळशाचा धूर वर न जाता गवतावरच पसरत होता. गरम तेलाचा वास येत होता. तो मुंगीला आवडायचा. ट्रॉलीवर हिरवी गादी घालून मी पुढे बसलो, वाफेच्या दांड्यावर हात ठेवला आणि सवयीने म्हणालो,

"बसलीस का?"

म्हणून झाल्यावर कळलं, आपण काय म्हणालो ते. थाप आली नाही. कुठून येणार? मी वाफ सोडली.

वाफ धुराड्यातून सुटते तिचा ठोका पडतो. रिकामं ओढताना तो हलका असतो, कुणी कानात बोलल्यासारखा. मागे माणसं असली की इंजिन खोकायला लागतं. मुरलेल्या माणसाला डोळे मिटून कळतं, मागे किती ओझं आहे ते. माझं इंजिन पहिल्या ठोक्यापासून रिकामं चाललं नाही. फार नाही, मोठ्या माणसाएवढं तर नाहीच. पण ते काहीतरी ओढत होतं. झाडीतून जाताना वाटलं, ट्रॉलीचा ब्रेक घासत असेल. नियमाप्रमाणे मी मागे वळलो नाही.

शेडपाशी येऊन थांबलो. काका भिंतीपलीकडे हात धूत होते, त्यांना इंजिन दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तिथूनच ओरडले, "अहो डॉक्टर, रिकामी न्या म्हटलं होतं ना? कुणाला बसवलंत?"

काका पंच्याने हात पुसत बाहेर आले, ट्रॉलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली बसून त्यांनी ट्रॉलीचं एक टोक किंचित उचलून चाकाला बोट लावलं. चाक कितीतरी वेळ गरगरत राहिलं. ब्रेक घासत नव्हता. मग काकांनी गादीकडे बोट दाखवलं. हिरवं रेक्झिन पुढच्या अंगाला, माझ्या पाठीच्या लगेच मागे, थोडं दबलेलं होतं. आम्ही बघत राहिलो, पण ते वर आलं नाही.

"विस्तव काढून टाका," काका म्हणाले. ते टाचांवर हलत नव्हते. "घरी जा. आणि हे कुणाला सांगू नका... बाईंना तर नकोच."

मी ट्रॉली शेडमध्ये ठेवली, इंजिन घरी आणलं, आणि बायकोला सगळं सांगितलं. का सांगितलं? घरात बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग तिने मान वळवली.

"किती जड?"

"थोडंसं."

"सुटताना काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"आणि थांबल्यावर? उतर म्हणालात?"

"नाही... मागे कुणी नव्हतं, कुणाला म्हणणार?"

तिचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. "अहो, मग ती अजून तिथेच बसली असेल," ती म्हणाली. "त्या शेडमध्ये. थंडीत."

दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून आम्ही इंजिन घेऊन मैदानावर गेलो. किल्ली काकांकडे असायची, म्हणून ते आले. आम्हाला बघून म्हणाले, "डॉक्टर, विषाची परीक्षा घेऊ नका." पण बायको तोवर ट्रॉलीवर बसली होती, मागच्या अंगाला, पुढची जागा सोडून. मी पुन्हा वाफ केली. फेरीभर इंजिन जड खोकत राहिलं. वाटेत बायको एकदा काहीतरी पुटपुटली, ते मला उद्देशून नव्हतं. शेडपाशी थांबलो. समोर रुळाकडे बघत मी म्हणालो, "उतर."

मागे गादीतून हवा आत घेतल्याचा आवाज झाला. रेक्झिन वर येत होतं.

"ये गं, ये..." बायको म्हणाली.

मी वळलो तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर कशाभोवती तरी धरल्यासारखे होते. ती हसत होती. मुंगी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "अहो, मला उठवा ना," ती म्हणाली. "पायांना मुंग्या आल्यात." मी आणि काकांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. काका धापा टाकत होते. माझी बायको अंगाने काडी.

पाय बधिर झाले ते झालेच. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. चाकांची खुर्ची आणली. ती दिवसभर खिडकीजवळ बसायची, पण आता गुणगुणायची, वेणी घातल्यासारखी बोटं हलवायची. जेवण मात्र सुटत चाललं. गालांची हाडं वर आली. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी तिला खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवायचो. महिन्यामागून महिने ती वाळत गेली आणि उचलायला जड होत गेली. मी त्याचा फार विचार केला नाही. मुलं वाढतात, एवढंच मनात आलं.

काका एकदा भेटायला आले. मला हातभार लावायला म्हणून त्यांनी तिला एका बाजूने धरलं, आणि सोडलं. जाताना मला जिन्यात गाठलं. "तिला उतर म्हणा, डॉक्टर. फक्त तुम्हीच म्हणू शकता. नाहीतर बाई हातच्या जातील."

मी बायकोला तसं सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "घरी आलेल्या पोरीला कुठे उतरवता? कुठे जाईल ती?"

मी तो विषय तिथेच सोडला. पण त्या आठवड्यात तिने पाणीसुद्धा नको म्हटलं, आणि मग मी ठरवलं. दोघींपैकी जी जिवंत आहे तिला तरी ठेवायचं. संध्याकाळी दिवा लावला. वाकलो. बायकोने नेहमीसारखे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती टाकले, बोटं मानेमागे एकात एक गुंतवली. मी म्हणायला तोंड उघडलं, आणि पाठीवर, डाव्या खांद्याखाली, एक थाप पडली.

लहान हाताची, बेताची. बसले, चला.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी मी रडलो. रडत रडत बायकोला उचललं, तर हातात काही आहे असं वाटलंच नाही. तिने खाली बघितलं, मांडीवर हात फिरवला, इकडेतिकडे चाचपलं. "अहो... कुठे गेली?" मग तिच्या पायांत कळा आल्या आणि ती ओरडली.

आता ती चालते, जेवते, अंगही भरलंय. सगळे म्हणतात, नशीब. मी दवाखान्यात वाकून काम करतो, कोणी म्हणतं, डॉक्टर, पोक काढू नका. पाठीचा तेवढा भाग बधिर आहे. पलीकडच्या खोलीत इंजिन रजईत गुंडाळून ठेवलंय, त्याला मी हात लावत नाही. मी मागे वळत नाही. आणि "उतर" म्हणत नाही, कारण ते फेरी संपल्यावर म्हणायचं असतं, आणि ही फेरी कुठे संपते ते मला ठाऊक नाही.

दिवा लागला की बायको माझ्या मागे येऊन उभी राहते. हात लावत नाही, नुसती बघते. मग हळूच विचारते, "किती जड?"

"थोडंसं," मी म्हणतो.

काल ते खोटं होतं. काल मला खुर्चीतून उठताच आलं नाही.