थॉर्नबेकच्या शेडमधली बाई

ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. बायबलवर हात ठेवून सांगतो. म्हणजे बायबल आयत्या वेळी सापडलं नाही, म्हणून रेल्वेच्या वेळापत्रकावर हात ठेवलाय. आता त्यात किती खरं असतं ते तुम्ही जाणताच. मी स्वतः तिथे हजर होतो. खरं तर नव्हतो. पण विल्फ सटक्लिफ होता, आणि विल्फला खोटं बोलता येत नसे. आमच्या गल्लीत ते खातं माझ्याकडे होतं.

तर नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दुपारी विल्फ बादली, दांड्याचा पोछा आणि पान्यांची पिशवी घेऊन थॉर्नबेकला उतरला. याला स्टेशन म्हणायचं ते नावाला. दोन फलाट, एक लोखंडी पूल, ना तिकीटखिडकी ना हमाल. गिरण्या बंद पडल्यापासून तिथे प्रवाशांना थांबायला बांधलेली एकही शेड टिकली नव्हती. लाकडाची होती ती जाळली. काचेची तीनदा फोडली. विटांची बांधली, तर लोकांनी विटासुद्धा घरी नेल्या.

आता उभी होती ती विल्फ कामाला होता त्या कारखान्याची. जाड पोलादी पत्रा, काचेच्या जागी हातोड्यालाही दाद न देणारं प्लॅस्टिक, आणि बोल्ट असे की आवळता येतात, सोडवता येत नाहीत. आत बाक नव्हतं. पहिल्यांदा मोडतं ते बाक आणि पहिल्यांदा जळतं तेही बाकच, हे विल्फचं वीस वर्षांचं शहाणपण. बाकच ठेवलं नाही, की मोडणार काय, कपाळ?

रेल्वेची अट साधी होती. सहा आठवडे शेडवर ओरखडा उठला नाही, तर आणखी तीस स्टेशनांचं काम मिळणार. उठला, तर कारखान्याला कुलूप. अकरा माणसं होती तिथे, आणि त्यातले नऊ जण पन्नाशीच्या पुढचे. त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"ओरखडा दिसला की आपण संपलो, विल्फ," म्हातारा मालक म्हणाला होता.

पहिल्या सोमवारी ओरखडा नव्हता. कुणाचं नाव नाही, बाण घुसलेलं बदाम नाही, शेजारच्या गावच्या फुटबॉल संघाला शिवी नाही. विल्फ चाटच पडला. आत कोपऱ्यात एक बाई बसली होती. राखाडी कोट पार घोट्यापर्यंत, डोक्याला टोपी, हात मांडीवर. "माफ करा हं बाई," म्हणून विल्फने तिच्या आजूबाजूने पुसून घेतलं. ती अवाक्षर बोलली नाही. बाहेर भुरभुर पावसात सात माणसं छत्र्या धरून उभी होती.

दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारीही तेच.

चौथ्या सोमवारी विल्फने मेव्हिस ऑग्डेनला गाठलं. मेव्हिस बाजारातून मासळी घेऊन परतत होती, आणि तिची जीभ तिच्या मासळी कापायच्या सुरीपेक्षा धारदार.

"मेव्हिस, आत जा की. भिजतेयस."

"भिजू दे. मी काय मिठाची आहे?"

"मग मी शेड बांधली कशाला? शोभेला?"

"बसायला बाक तरी ठेवलंयस का मेल्या? उभंच राहायचं तर इथे काय वाईट आहे?" मग तिने आवाज उतरवला. "शिवाय... आत त्या आहेत ना."

"आहेत कोण पण त्या?"

"आम्हाला काय ठाऊक? तुमच्या कारखान्याने राखणीला बसवल्यात असं म्हणतात सगळे."

"मला वाटलं, तुमच्या गावच्या आहेत. कुठल्या गाडीने जातात?"

मेव्हिसने मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जाताना... नाही बाई पाहिलं कधी."

"मग विचारा ना कुणीतरी!"

"ओळखदेख नसताना? हळू बोल जरा, ऐकू जाईल त्यांना. काय म्हणतील?"

छत्र्यांखालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चार आठवडे अख्खं गाव त्या बाईला बघत होतं, आणि टक लावून बघणं बरं दिसत नाही म्हणून कुणीच नीट बघितलं नव्हतं. ज्याने आधीच्या तीन शेडी फोडल्या तो केव्हिन ग्रीनवुड, चांगला सहा फुटी गडी, हल्ली दोन मैल चालत पुढच्या स्टेशनावरून गाडी पकडत होता. का, ते सांगत नव्हता. त्याचा हातोडा मात्र फलाटाच्या टोकाला तसाच पडून होता. त्यालाही कुणी हात लावला नव्हता.

बाक नाही तर ती बसते कशावर? बुडाखाली पेटीबिटी घेत असेल, असं म्हणत विल्फने तो विषय मनातून काढून टाकला.

शेवटचा सोमवार उजाडला. चार वाजता रेल्वेचे हारग्रीव्ह्ज साहेब तपासणीला येणार होते. विल्फ तीनलाच हजर. धुकं उतरलं होतं, रूळ गार पडून बारीक कुरकुरत होते. शेडमध्ये ओल्या लोकरीचा वास होता, आणि त्याच्याखाली विझलेल्या लाकडाचा. बाई जागेवरच होती. तिच्या पुढ्यात चिखलाचा ओघळ आला होता, आत भिंतीपर्यंत गेलेला. साहेबांना तो दिसून चालणार नव्हतं.

"माफ करा हं बाई. जरा पाय वर घेता?"

तिने घेतले.

दोन्ही. एकदम. सरळ पुढे, घरी आपण झाडूवाल्या माणसासाठी घेतो तसे. त्यांच्याबरोबर कोटाची कड वर गेली... आणि खाली काही नव्हतं. पेटी नव्हती. स्टूल नव्हतं. विल्फचा पोछा तिच्याखालून सरळ आत गेला, आणि मागच्या पत्र्यावर टक् करून आपटला.

विल्फचा हात तिथेच राहिला. पळावं म्हटलं तर पाय कुठल्या बाजूला आहेत ते समजेना. मग काय केलं त्याने? यॉर्कशायरचा माणूस, हातातलं काम अर्धं टाकणार थोडाच... चिखल पुसला. सगळा, कोपऱ्यापर्यंत. बादलीत पोछा तीनदा पिळला. ती पाय वर धरून बसून होती. हवेत, बरोबर बाकाच्या उंचीवर.

"झालं," विल्फ म्हणाला. "आभारी आहे. खाली घेतलेत... तरी चालेल."

तिने पाय खाली घेतले. आवाज झाला नाही.

चारला साहेब आले. आत शिरताना त्यांनी बाईला बघून टोपीला हात लावला. किल्ली काढून पत्र्यावर घासली, प्लॅस्टिकवर मूठ मारली, बोल्ट बोटाने चाचपले.

"एक ओरखडा नाही! सटक्लिफ, कमाल आहे तुमची. आणि या बाई?"

विल्फच्या डोळ्यांपुढे अकरा चेहरे उभे राहिले. सांगावं तर शेड गेली, काम गेलं, आणि वर लोक वेड्यात काढणार.

"प्रवासी आहेत, साहेब."

"समाधानी दिसतात," असं म्हणत साहेबांनी तसं लिहूनही घेतलं. जाताना विल्फच्या पाठीवर थाप मारली. "इथे जे काही केलंयत ना, तेच तिसांच्या तिसांत करा. जसंच्या तसं."

पंधरा दिवसांनी पुढच्या स्टेशनावर नवी शेड क्रेनने उतरवली. आत चिटपाखरू नव्हतं, विल्फने दोनदा वाकून बघितलं. बोल्ट आवळले आणि तो पुलाखाली चहा प्यायला गेला. दहा मिनिटांत परतला, तेव्हा भुरभुर पावसात माणसं छत्र्या धरून शेडच्या बाहेर उभी होती. आत एक म्हातारा बसला होता, टोपी हातात घेऊन. विल्फने त्याला पाय उचलायला सांगितलं नाही.

तिसांच्या तीस शेडी आजही उभ्या आहेत. एकीवरही ओरखडा नाही. कारखान्यात सहा माणसं नवी घेतली.

आता कबुली. वेळापत्रकावर हात आहे, तेव्हा द्यायलाच हवी. साहेब खरे, म्हातारा खरा, केव्हिनचा हातोडाही खरा. रचलेलं एवढंच, की बाई अवाक्षर बोलली नाही. विल्फ पोछा पिळत असताना ती बोलली होती, कुंपणाशी उभ्या शेजारणीने सहज विचारावं तशी.

"अजून किती बांधताय?"

"तीस," विल्फ म्हणाला.

बाईने धुक्यातून समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकेक डोकं मोजावं तसं.

"नाही पुरायच्या," ती म्हणाली.