पिंपळनेरला गेलेली गाडी

ही गोष्ट खरी आहे. खोटी सांगायची असती तर मी स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, वडाचं झाड नाही. दोन वर्षांपूर्वीची अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तिच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भर दुपार. धुळ्याजवळचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या घरात मी अजून जातो.

मी लोटन. धुळ्याला माझं गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम आता फार कमी लोक करतात, त्यातला मी एक. तीस वर्षांत मला गाड्यांपेक्षा माणसं जास्त कळली. गाडी आणणारा माणूस आधी खोटं बोलतो, "काल तर चांगली चालत होती." मग गाडी खरं बोलते.

गाडी गिरधर नानांची होती. पांढरी, पंचवीस वर्षांची. नाना त्या अखाजीच्या आठ महिने आधी वारले, तेव्हापासून ती अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती.

त्या दिवशी सकाळी नानांच्या बायकोचा, सुंदरबाईंचा, फोन आला.

"लोटनभाऊ, काहीबी करा, पन नानांनी गाडी आज चालू करी द्या. मनी पोर वाट दखी राहिनी."

पोर म्हणजे त्यांची लेक, सारिका. पिंपळनेरला दिलेली. आमच्याकडे अखाजीला लेक माहेरी येते, पण अशी उठून येत नाही. माहेरचा माणूस आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. सारिकाला दरवर्षी नाना स्वतः याच गाडीतून आणायचे. अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि त्या वर्षी नानांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आणि सारिकाने आईला निरोप दिला होता... नानांची गाडी दारात आली तरच येईन.

एवढी अट का? ते गावाला माहीत होतं. नाना शेवटचे चार दिवस "सारिका, सारिका" करत होते. आईला "मी कळवतो" म्हणत राहिलेल्या भावाने, प्रेमराजने, तिला फोन केला तो सरण पेटल्यावर. तिला बापाचं तोंड दिसलं नाही. त्यानंतर बहीणभावात एक शब्द नाही.

मी अकराला पोचलो. बॉनेट उघडलं. बॅटरी मेलेली, ती माझी लावली. चारही प्लग काळे, ते घासले. पॉइंटवर थर चढलेला, त्यावर पॉलिश पेपर फिरवला. कार्बोरेटरमध्ये चिखल. शिळं पेट्रोल काढून दोन लिटर ताजं ओतलं. सेल्फ मारला.

घर्र... घर्र... भुर्र!

पकडली. दोन सेकंद चालली आणि बंद पडली. म्हणजे थोडं काम राहिलं होतं. अर्धा तास फार तर.

तेवढ्यात प्रेमराज मागे येऊन उभा राहिला. माणूस देखणा, इस्त्रीचा शर्ट. गावात सगळ्यांशी गोड. अशा माणसाचं गोड बोलणं कोणत्या कामासाठी जमा होतंय, ते मी आधी बघतो.

"भाऊ, होणार का चालू?"

"होईल की."

तो जवळ आला. आवाज खाली.

"नाही झाली तर?"

मी मान वर केली.

"आईकडून निरोप दिला, टॅक्सी पाठवतो म्हणून, तर म्हणते मी काय पार्सल आहे? आता गाडीच मेली म्हटल्यावर माझा काय दोष? ती तिच्या हट्टाने आली नाही, एवढंच होईल." मग हसला. "आली ना भाऊ, तर चार माणसांत विचारेल. मला का बोलावलं नाही म्हणून. काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं काय ते मलाच माहीत नाही हो. घाबरलो होतो. ती रडेल, नाना जास्त हळवे होतील... आज करू, उद्या करू." आणि लगेच बाजारातला प्रेमराज परत आला. "कापसाच्या जिनिंगच्या चार गाड्या आहेत माझ्या. पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडेच लावायच्या म्हणतो."

मी साधू नाही. चार गाड्या म्हणजे वर्षभराचं काम.

मी इंजिनावरच्या डेल्कोचं, म्हणजे करंट वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं. आत एक अंगठ्याएवढा तुकडा फिरतो, रोटर. चारही प्लगांना करंट तोच वाटतो. तो नसला तर तुम्ही दिवसभर चावी फिरवा, इंजिन चालू होणं शक्य नाही. मी रोटर काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि झाकण परत बसवलं.

सुंदरबाई ओट्यावर आल्या.

"काय झायं भाऊ?"

"अक्का... गाडी संपली. आता काही होत नाही."

एवढंच बोललो. पण ती बाई अशी बघत राहिली, की मी फडक्याने हात पुसायला लागलो. पुसलेलेच हात.

"बघ आई, तूच बघ," म्हणत प्रेमराज आत बसला. चावी फिरवली.

घर्र... घर्र... घर्र...

काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान. त्याने चावी सोडली आणि दोन्ही हातांनी कपाळावरचा घाम पुसला.

सुंदरबाई खाली उतरल्या. बॉनेटवर तळहात ठेवला. नवऱ्याशी बोलावं तशा हळू बोलल्या.

"ओ... चाला ना. पोर वाट दखी राहिनी."

आणि...

गाडी चालू झाली.

सेल्फचा आवाज नाही. घर्र नाही. एकदम चालू. आणि चाल अशी गुळगुळीत, की नवी असताना असेल.

प्रेमराजचे हात अजून कपाळावरच होते.

माझा हात खिशावर गेला. रोटर होता. बोटांनी चाचपला, टोकाचं पितळ टोचलं.

"जा रे," सुंदरबाई म्हणाल्या. "लोटनभाऊ, तुम्हीबी जा संगे. वाटमा बंद पडनी तर?"

कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

साक्रीच्या वाटेला लागलो. प्रेमराजला वाटत होतं मी फितूर झालो. मी त्याला खिशातला रोटर दाखवला. त्याने पाहिला, गाडी कडेला घेतली, चावी काढून हातात धरली...

इंजिन चालूच.

जुनं गरम इंजिन चावी काढल्यावर दोनचार धक्के मारतं, ते मला माहीत आहे. हे धक्के नव्हते. मी घड्याळ बघत बसलो. सात मिनिटं.

साक्रीच्या पंपावर पोऱ्या ओरडला, "ओ दादा, गाडी बंद करा ना आधी!"

"होत नाही," मी म्हणालो.

"मग इथं काय भडका करायला आले का? काढा पुढे!"

पेट्रोल न भरताच निघालो. टाकीत माझे दोन लिटर होते. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर. हा हिशोब मी आजवर कितीतरी वेळा केला. जुळत नाही.

पिंपळनेरला गल्लीच्या तोंडाशीच सारिका उभी होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर.

"कशी काय बाहेर उभी?" प्रेमराज आठ महिन्यांनी बहिणीशी बोलला तो हा शब्द.

"हॉर्न ऐकला ना. दोनदा. नाना वाजवायचे तसा."

आम्ही हॉर्न वाजवला नव्हता.

ती मागे बसली. मागची सगळी सीट रिकामी. तरी ती डावीकडे दाराला खेटून बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"ताई, सरका ना आरामात," मी म्हणालो.

ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "बसू द्या..."

कुणाला, ते मी विचारलं नाही. उरलेल्या वाटेत मान वळवून मागे बघितलंही नाही.

कुसुंब्याच्या पुढे प्रेमराज एकाएकी रडायला लागला. स्टिअरिंग धरूनच.

"मी फोन करायला पाहिजे होता, सारिका. नाना रोज तुझं नाव घेत होते. मी... मी उद्यावर ढकलत राहिलो."



मग ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे. आत्ताच कळलं मला."

सहाच्या सुमाराला गाडी अंगणात आली. सारिकाने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला... आणि इंजिन बंद झालं. आत मायलेकींचा एकच हंबरडा उठला. मी बॉनेट उघडून झाकण काढलं. रोटरची जागा रिकामी होती.

मी तो तिथेच बसवला. सेल्फ मारला. नाही. सगळं नवं टाकून पाहिलं, आजपर्यंत पाहतोय. करंट येतो, पेट्रोल येतं, एकही दोष सापडत नाही. गाडी चालू होत नाही.

दुसऱ्या दिवशी अखाजी. घागर भरली, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. सुंदरबाईंनी माणूस पाठवून मला बोलावलं.

"तुम्ही गाडी चालू करी दिधी भाऊ. नानांना पाटवर तुम्हीच बसा."

मी सांगू शकलो नाही. प्रेमराजही खाली बघत राहिला. मी नानांच्या पाटावर बसलो. सुंदरबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला. आमरस, पुरणपोळी, कुरडई. सगळं वाढलं आणि मी घास हातात घेऊन बसून राहिलो. तो वर जाईना.

प्रेमराज पाणी आणायला बाहेर गेला. सुंदरबाई चुलीकडे वळल्या.

सारिका तुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर वाकली. पोळीवर तूप सोडलं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली...

"जेवा भाऊ. नाना तुमच्यावर रागावलेले नाहीत."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. प्रेमराजनेही नाही, त्याने पोरांची शपथ घेऊन मला सांगितलंय.

मी जेवलो. ताटात एक शीत ठेवलं नाही.

त्या चार गाड्या माझ्याकडे कधी आल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत. सुंदरबाई अजून रस्त्यात भेटल्या की हात जोडतात. आणि दरवेळी मला वाटतं, आज सांगून टाकावं.

मग वाटतं... नानांनीच सांगितल्यावर आता कोणाला सांगायचं राहिलंय?