मोजायची राहिलेली विहीर

शाळेच्या मैदानावर दुपारी तीनला रोलर फिरणार होता आणि तो चालवणारा तिचा धाकटा भाऊ होता. मैदानाखाली कुठेतरी फरशीने झाकलेली जुनी विहीर आहे, एवढंच म्हाताऱ्यांना आठवत होतं. आठ टनांचं धूड वर आलं तर ती फरशी कसली टिकते!

म्हणून नकाशा विभागात काम करणारी ती, त्याची ताई, सकाळपासून ऐंशी वर्षांपूर्वीचा नकाशा संगणकावर बसवत होती. काम समजायला सोपं. जुन्या नकाशावरचं पुलाचं टोक धरायचं, उपग्रहाच्या फोटोतलं तेच टोक धरायचं आणि दोघांची गाठ मारायची. अशा पाच-सहा गाठी मारल्या की जुना कागद आजच्या जमिनीवर बसतो. थोडी चूक उरतेच; कागद आक्रसतो, माणसाचा हात हलतो.

नकाशा बसला, पण मैदान कोरंच निघालं. कोपऱ्यात बारीक अक्षरात टीप होती: ‘विहिरीचे मोजमाप बाकी.’

फोन वाजला. “ताई, सापडली का तुझी विहीर? की रोलरवर बसून अंडी उबवू?”

“उबव. पण इंजिनाला हात लावलास तर याद राख!”

“अगं, साहेब तीनच्या पुढे मिनिटभर थांबायचे नाहीत.”

स्कॅन जरासा तिरका आला होता. तिने तो पुन्हा करायला सांगितला, आणि तेव्हा तिला तो त्रिकोण खटकला. मोजणीदार यंत्र लावून जिथे उभा राहतो, तिथे लाल त्रिकोण काढतो. सकाळी तो पुलाजवळ होता. आता घड्याळाच्या मनोऱ्यापाशी होता.

“काका, कागद बदललात का?”

स्कॅनरवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “एकुलता एक आहे तो. बदलू कशाशी?”

तिने मूळ कागद भिंगाखाली धरला. त्रिकोण मनोऱ्यापाशीच. पुलाजवळ खोडल्याची खूणसुद्धा नाही. तिची छाती धडधडू लागली, पण भीतीने नव्हे. गुंतलेल्या दोऱ्याचं टोक हाती आल्यावर धडधडते तशी.

“काका, पुन्हा!”

तिसऱ्या स्कॅनमध्ये त्रिकोण शाळेच्या फाटकात होता.

“अजून एकदा, काका, पाया पडते!”

चौथ्यात तो कोऱ्या मैदानाच्या मधोमध उभा होता.

तिने हा स्कॅनही त्याच गाठींनी बसवला आणि त्रिकोणावर माऊस टेकवला. अक्षांश, रेखांश. शेजारच्या रकान्यात प्रत्येक गाठीपुढची चूक शून्य झाली होती. अकरा वर्षांच्या नोकरीत तिने शून्य कधी पाहिलं नव्हतं.

आकडे हातावर लिहून, अक्षांश-रेखांशावरून जागा दाखवणारं मोजणीचं यंत्र काखोटीला मारून ती धावत सुटली. शाळा दोनच गल्ल्या पुढे होती. तीनला सात मिनिटं कमी होती.

“इथे!” धापा टाकत ती म्हणाली.

भावाने पहार घातली. हातभर खाली ठण्णकन आवाज आला.

“बाप रे! ताई, तू माणूस आहेस की कोण?” त्याने तिला उचलूनच घेतलं. “इथूनच नेणार होतो गं मी पहिला फेरा!”

“खाली ठेव गाढवा, यंत्र पडेल!” ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

दोघांनी वरची माती उपसून पहारींनी फरशी सरकवली. आतून गार हवा आली.

काठाखालच्या कोनाड्यात मोजणीच्या लोखंडी साखळीचं वेटोळं पडलं होतं. एक टोक खाली अंधारात गेलं होतं.

“विसरला वाटतं कोणीतरी,” म्हणत भावाने वाकून ती ओढली.

येईना.

त्याने जोर लावला, मग हळूच हात मागे घेतला. हसू मावळलं.

“ताई, ही ताणलेली आहे.”

दोघं वाकून बघत राहिली. वेटोळ्यातली एक कडी दगडावरून खाली सरकली. कोणी आकडा लिहून घ्यावा इतका वेळ गेला.

मग दुसरी सरकली.