अण्णाप्पांची बंद चाल

कृष्णात त्या सकाळी शाहूपुरीत गेला तो अर्धा राहिलेला डाव पुरा करायला. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, शपथेवर सांगतो. माणूस घरातून निघताना पापी नसतोच, वाटेत होतो.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा श्रावण. जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा दिवस. गुळाच्या एका अडतीच्या माडीवर लांबट हॉल आणि त्याला लागून एक बिनखिडकीची कोठी. हॉलमध्ये कालचा पट तसाच मांडून ठेवलेला.

पटापलीकडचा गडी म्हणजे अण्णाप्पा. मुरगूडचे गुळाचे व्यापारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात सदा तपकिरीची डबी. कृष्णातला हा खेळ त्यांनीच शिकवला होता. पोरगा दुकानात आला की पावतीच्या पाठीवर कोडं लिहून पुढं सरकवायचे आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं कानडीत 'तम्मा' म्हणायचे. "शोध तम्मा. एका चालीत मात."

दहातली आठ कोडी एकाच जातीची. राजा कोपऱ्यात, त्याच्यापुढं त्याचीच तीन प्यादी भिंत घालून उभी, आणि मागची ओळ मोकळी. शत्रूचा हत्ती त्या ओळीत उतरला की खेळ खलास. राजानं पळायचं कुठं? "आपलीच माणसं वाट अडवत्यात बघ," अण्णाप्पा म्हणायचे आणि चिमूटभर तपकीर ओढायचे.

आणि काल संध्याकाळी त्यांचा स्वतःचाच राजा नेमका तसा कोंडला होता. राखणीला जवळ एकच हत्ती. त्यांनी कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवून राजाला वाट केली, तर डाव बरोबरीत. चुकले, तर कृष्णातचा हत्ती मागच्या ओळीत उतरलाच म्हणायचा.

पण ती चाल पटावर झालीच नाही. त्या काळी डाव लांबला की दुसऱ्या दिवसावर टाकत. ज्याची पाळी असेल त्यानं आपली चाल चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी पाकिटात घालायची, पाकिटावर दोघांनी सह्या करायच्या, आणि ते पंचांच्या ताब्यात द्यायचं. तिला बंद चाल म्हणत. अण्णाप्पांनी लिहिली, आणि पाकीट कृष्णातपुढं धरलं. "तूच डकव तम्मा. माझं हात थरथरत्यात."

जिंकला तर कृष्णात जिल्ह्यात पहिला, आणि पहिल्याला खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. बरोबरी झाली तर दुसरा, आणि दुसऱ्याला टाळ्या. नोकरीची वयोमर्यादा दिवाळीला उलटत होती. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

जिन्यातच पंच भेटले. सयाजी मास्तर. चेहरा उतरलेला.

"कृष्णात… अण्णा गेलं रं."

"कुठं गेलं?"

"कुठं म्हंजे? पहाटं लेकीच्या घरात, झोपंतच गेलं. शिवलीलानं हाका मारल्या, उठलंच न्हाईत."

कृष्णात पायरीवर बसला. रडू आलं त्याला, खरंखुरं आलं. पण रडता रडताच तोंडातून निघालं, "मग मास्तर, आपला डाव?"

मास्तरांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "मेलेल्या माणसावर घड्याळ चालवायचं न्हाय, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता. पाच वाजता पाकीट उघडू. त्यांनी जी चाल लिवली असंल तिच्यावरनं डाव ठरवू. उद्या यादी पुण्याला धाडायची हाय. जीप थांबलीय, मुरगूडला चल माती द्यायला."

"माझ्यानं बघवायचं न्हाय, मास्तर."

"बरं. मग ही किल्ली घे, आनि हितंच थांब. पाकीट कोठीतल्या टेबलात हाय."

कसा विश्वास बघा! चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली, आणि देणारा डोळे पुसत निघून गेला.

दुपारी बाराला वीज गेली. खाली अडतीत सामसूम, गुळाचा गोडूस वास तेवढा जिन्यानं वर येत होता. कृष्णात कोठीत शिरला. खालून कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं. काडी ओढली, मेणबत्तीचा तुकडा पेटवला. डिंक पाणचट होता, ओला रुमाल फिरवला तशी पाकिटाची कड सुटली.

चिठ्ठीवर अण्णाप्पांचं गोलगोल, कानडी वळणाचं अक्षर. 'राजाबाजूचं कडेचं प्यादं, एक घर पुढं.'

बरोबरी. नोकरी गेली.

चिठ्ठी त्यानं मेणबत्तीवर धरली. कागद जळून बोटाला चटका बसेपर्यंत सोडला नाही. मग कोरा कागद घेतला. हे अक्षर पंधरा वर्षं वाचलेलं, गिरवायला कितीसा वेळ? राखणीतला हत्ती हलवला की मागची ओळ उघडी पडते, हे तर कोड्यातलं पहिलं कोडं. त्यानं लिहिलं, 'हत्तीनं मधलं प्यादं मारलं.' एकच ओळ. घाईत पट पुन्हा नीट पाहिलासुद्धा नाही.

पाकीट डकवत असताना मागं टक्क असा बारीक आवाज झाला.

डबीचं झाकण उघडल्यासारखा.

कृष्णातचा हात जागच्या जागी थांबला. मागं भिंत होती, भिंतीला टेकून एक जुनी खुर्ची. मेणबत्तीचा उजेड तिथवर पोचत नव्हता. गुळाचा वास कुठल्या कुठं गेला, आणि नाकात तपकीर शिरली. झणझणीत, ताजी.

"अण्णा…?"

खुर्ची करकरली, बसलेला माणूस पुढं वाकला की करकरते तशी. कृष्णातनं मेणबत्ती विझवली, पाकीट टेबलात कोंबलं आणि हॉल ओलांडून पळाला. पाच वाजेपर्यंत तो जिन्याच्या तोंडाशी उभाच होता. हॉलमध्ये परत पाऊल टाकायची छाती झाली नाही.

पाचाला मुरगूडला गेलेले सगळे परतले. मास्तरांच्या पायांना अजून समाधीची माती होती. अडतीतला हमाल पिराजीही वर येऊन भिंतीशी उकिडवा बसला.

"लिंगायतांच्यात बसवून माती देत्यात," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "अण्णांना बसवलं… पण बोटं सुटंनात. चिमटीत कायतरी धरल्यागत."

मास्तरांनी स्वतः कोठीत जाऊन पाकीट आणलं, सह्या सगळ्यांना दाखवल्या आणि फोडलं.

"हत्तीनं मधलं प्यादं मारलं," त्यांनी वाचलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अण्णा आनि हत्ती उचलतील? नवल हाय." तरी त्यांनी अण्णाप्पांचा हत्ती उचलला, प्यादं मारून ठेवला. मागची ओळ उघडी पडली.

कृष्णातनं आपला हत्ती सरळ त्या ओळीत उतरवला. "मात."

"थांब." मास्तरांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली. "खाली आनिक लिवलंय."

"खाली? खाली काय न्हाय!"

"तुला काय ठावं?"

कृष्णातनं जीभ चावली.

"दुसरी ओळ," मास्तर वाचू लागले. "'उंटानं हत्ती मारला.'"

सगळे पटावर वाकले. अण्णाप्पांचा उंट पार दुसऱ्या टोकाला होता. आतापर्यंत त्याच्या तिरक्या वाटेत त्यांचाच हत्ती आडवा उभा होता. तो हत्ती बाजूला काढला कुणी? कृष्णातनं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शाईनं. वाट मोकळी झाली होती. मास्तरांनी उंट सरकवला आणि कृष्णातचा हत्ती पटावरून उचलून खाली ठेवला.

आता कृष्णातनं स्वतःच्या राजाकडं पाहिलं. पुढं त्याचीच तीन प्यादी, मागची ओळ रिकामी, आणि समोरून अण्णाप्पांचा हत्ती थेट तिच्यावर नजर लावून. प्यादं सरकवून राजाला वाट केली असती तरी अख्खा हत्ती गेला तो गेलाच. ज्या चालीनं अण्णाप्पांना मारायचं, तीच त्यांना जिंकून देणारी निघाली. खरी चिठ्ठी ठेवली असती तर निदान बरोबरी होती.

"डाव अण्णांचा," मास्तर म्हणाले. त्यांनी आपला अंगठा पाहिला. अंगठ्याला निळा डाग पडला होता. "शाई अजून वली कशी रं? कालची चिठ्ठी ही…"

"मास्तर, ठेवा ती. हरलो म्हनतो की मी."

"तिसरी ओळ हाय अजून. पर ही डावातली दिसत न्हाय." मास्तरांचा आवाज खाली आला. "वाचू?"

कृष्णातनं नको म्हणून मान हलवली. पण मास्तर तोवर वाचत होते, एकेक शब्द लावत.

"'तम्मा… काडी ओढताना दार का लावलंस? मी आतच बसलतो की.'"

त्यांनी चिठ्ठी खाली केली. "काडी? कसली काडी, कृष्णात?"

कृष्णातची नजर कोठीकडं गेली, तशी सगळ्यांचीच गेली. पिराजी उठला आणि त्यानं कोठीचं दार ढकललं. ते हललं नाही. त्यानं खांदा लावून पुन्हा ढकललं, मग मास्तरांकडं वळून म्हणाला, "आतनं कडी हाय, मास्तर."